बासच्या व्हॉल्यूमची खरखर: नवे पॉट बसवले तरी जात नाही

चारतारी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बास गिटार पॅसिव्ह आहे (आत बॅटरी नाही), फेंडरच्या जॅझ बासच्या घाटाची. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन उचलणारी चुंबकावरची गुंडाळी), दोन व्हॉल्यूम, एक टोन. ब्रिजजवळच्या पिकअपचा व्हॉल्यूम फिरवला की स्पीकरमधून कोणी पत्रा खरवडतंय असा आवाज येतो. गळ्याकडच्या पिकअपचा व्हॉल्यूमही खरखरतो, पण जरा कमी. नॉब एका जागी ठेवला की अगदी शांत. टोन फिरवताना काही होत नाही.

दुरुस्तीला दिली तेव्हा "पॉट गेले" म्हणून (पॉट म्हणजे नॉबखालचा फिरता रोध) दोन्ही व्हॉल्यूम बदलून मिळाले. २५० के (अडीच लाख ओहम), नवेकोरे. खरखर कमी झाली, पण गेली नाही. तिथे विचारलं तर म्हणे, "नवे आहेत, फिरवून फिरवून बसतील." काही बसत नाहीत. आता स्प्रे मारू? की आणखी चांगल्या प्रतीचे पॉट शोधू?

खर्जातला:
एवढं काय त्यात. घरात गंज काढायचा स्प्रे असतोच, त्याची नळी पॉटच्या फटीत घाला, एक फवारा, नॉब गरागरा फिरवा, काम झालं. माझ्या दोन्ही बासना हेच करत आलोय. पॉट बदलायची गरजच नव्हती.

डाखवाला:
चारतारी, स्प्रे तूर्त बाजूला ठेवा. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही यावरूनच निम्मं निदान होतं, आणि तुम्ही ते बऱ्यापैकी नीट लिहिलंय.

तरी एकदा पद्धतशीर करा. बास ॲम्पला लावा, तारांवर तळहात दाबून ठेवा म्हणजे त्या बोलणार नाहीत. ॲम्पचा आवाज मध्यम ठेवा. आता एकेक नॉब अगदी सावकाश, शून्यापासून दहापर्यंत न्या. खरखर पूर्ण प्रवासभर येते की ठरावीक जागीच? ठरावीक जागी असेल तर तिथला कार्बन झिजलाय किंवा तिथे घाण बसलीय. प्रवासभर सारखीच असेल तर कारण बहुधा वेगळं.

पॉटच्या पोटात कार्बनचा घोड्याच्या नालेसारखा एक पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटं घासत जातात. या बोटांना वायपर म्हणतात. पट्ट्यावर धूळ, ऑक्साइड किंवा घट्ट झालेलं ग्रीस असलं की बोटं मध्येच क्षणभर अधांतरी राहतात. तो सुटणारा आणि जुळणारा संपर्क तुम्हाला खरखर म्हणून ऐकू येतो. बासवाल्यांची सवय म्हणजे व्हॉल्यूम कायम दहावर आणि हवा तेव्हा आठपर्यंत खाली. त्यामुळे झीज त्या शेवटच्या टप्प्यात आणि घाण उरलेल्या सगळ्या पट्ट्यावर.

खर्जातला यांच्या स्प्रेबद्दल: गंजलेले बोल्ट सोडवायला केलेलं तेल पॉटमध्ये मारू नये. सुरुवातीला आवाज जातो हे खरं, कारण द्रव कुठलाही असो, घाण हलते. पण मागे तेलाचा थर राहतो, त्यावर पुन्हा धूळ चिकटते आणि मूळचं ग्रीसही धुऊन जातं. मग पॉट इतका सैल फिरतो की बाही घासली तरी हलतो. डब्ल्यूडी-४० बनवणारी कंपनीसुद्धा इलेक्ट्रिकल संपर्कांसाठी वेगळा क्लीनर विकते, यातच काय ते आलं.

खर्जातला:
असहमत. माझे पॉट अजून चालताहेत, त्यांना कोणी हे सांगितलेलं दिसत नाही :)

अनुमंद्रा:
डाखवाला यांच्याशी सहमत. थोडी भर घालते. "खरखर" या एका नावाखाली लोक चार वेगवेगळ्या तक्रारी आणतात.

नॉबला हात न लावता, नुसती केबल हलवली की कडकड होत असेल तर ती जॅकची किंवा केबलची. जॅकमधली जी पट्टी प्लगच्या टोकाला दाबून धरते ती सैल पडते. प्लग काढून ती किंचित आत वाकवली की झालं. जॅकचं नट सैल असेल तर अख्खा जॅक फिरतो आणि मागची तार पिळत पिळत शेवटी तुटते. नट आवळताना आतून जॅक धरून ठेवायचा, नाहीतर आपणच ती तार पिळतो.

हेच पॉटलाही लागू आहे. नॉब टोकाला गेल्यावर अख्खा पॉट जरासा फिरतोय का ते हातानं बघा. फिरत असेल तर आत सोल्डरला झटका बसतो, किंवा पॉटचा पाय कॅव्हिटीत (बासच्या आतल्या पोकळीत) चिकटवलेल्या तांब्याच्या पट्टीला टेकतो. तो सिग्नलचा पाय असेल तर खरखर नाही, आवाज गुडुपच होतो. पुष्कळदा पाना घेऊन नट आवळणं एवढीच "दुरुस्ती" असते.

तिसरं म्हणजे कोरड्या हवेत पिकगार्डवर बोटं घासली की येणारी चटचट. ती स्थिर विजेची. तिचा पॉटशी काही संबंध नाही. पिकगार्डच्या मागे फॉइल लावून ते अर्थला जोडलं की बहुतेक वेळा थांबते.

आणि तारांना हात लावला की घरघर थांबते, ही तर अगदीच वेगळी गोष्ट, तिला इथे आणूच नका.

चारतारी यांचा आवाज फक्त नॉब फिरतानाच येतो, म्हणजे यातलं काही नसावं. नट मात्र बघून घ्याच.

ओहम_शांती:
धागा उशिरा पाहिला. चारतारी, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तीन खुणा आहेत, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

एक, दोन्ही व्हॉल्यूम खरखरतात. दोन पॉट एकदम खराब होणं अशक्य नाही, पण दोघांना जोडणारं सामाईक काही असेल तर आधी ते बघावं. दोन, नवे पॉट घातल्यावरही खरखर उरली. तीन, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, टोन साफ आहे. टोनचा नॉब सहसा सगळ्यात कमी फिरतो. धूळ आणि ऑक्साइड हेच कारण असतं तर सगळ्यात आधी तोच बोंबलला असता.

टोन आणि व्हॉल्यूम यांच्या वायरिंगमध्ये फरक काय? टोनच्या वाटेवर कपॅसिटर असतो, अशा बासमध्ये बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज, अडवतो. व्हॉल्यूमच्या वाटेवर असा पहारेकरी नसतो. म्हणून माझा पहिला संशय: तुमच्या व्हॉल्यूम पॉटवर कुठून तरी डीसी येतोय.

डीसी आला तर काय होतं? नुसता पडून राहिलेला डीसी ऐकू येत नाही. पण कितीही चांगल्या पॉटमध्ये वायपर सरकताना संपर्काचा रोध थोडा वरखाली होतच असतो. एरवी सिग्नल इतका लहान असतो की हे कळत नाही. डीसी असला की त्या प्रत्येक बारीक हेलकाव्याबरोबर व्होल्टेज उडी मारतं आणि पुढचा ॲम्प ती उडी इमानदारीत मोठी करून स्पीकरला देतो. म्हणून डीसी असेल तर नवा पॉटही खरखरतो, महागातला महाग पॉटही खरखरतो, आणि स्प्रेचा अख्खा डबा रिकामा केला तरी खरखरतो.

बास आणि ॲम्प यांच्यामध्ये काय काय लावता ते लिहा.

खर्जातला:
ओहमकाका, बास पॅसिव्ह आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. आत बॅटरीच नाही तर डीसी काय पिकअपच्या चुंबकातून येणार?

चारतारी:
मध्ये एक कॉम्प्रेसर पेडल आहे. पण ते बहुतेक वेळा बंदच असतं, फक्त एकदोन गाण्यांना चालू करतो. खरखर पेडल बंद असतानाही येते, म्हणून ते मी हिशोबातच धरलं नव्हतं.

नट तपासले, दोन्ही घट्ट आहेत. सावकाश फिरवून पाहिलं. गळ्याकडच्या पिकअपचा पूर्ण प्रवासभर सारखा. ब्रिजकडचाही प्रवासभर, पण सुरुवातीच्या भागात जरा जास्त.

ओहम_शांती:
खर्जातला, रास्त प्रश्न. बासमध्ये डीसी निर्माण होत नाही, पण बासची केबल ज्यात घुसते तिथून तो उलटा बासकडे येऊ शकतो.

पेडलच्या आत पहिल्या ट्रान्झिस्टरला किंवा ऑप-ॲम्पला (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला) काम करायला काही व्होल्ट द्यावे लागतात. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये बहुधा त्याच्या निम्मे, म्हणजे साडेचार. ते व्होल्ट बाहेर इनपुट जॅकवर येऊ नयेत म्हणून दारातच एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो गळका झाला, किंवा इलेक्ट्रोलिटिक असेल आणि उलटा बसवला गेला असेल, की थोडा डीसी जॅकवर येतो. तिथून केबलमधून बासच्या जॅकवर, आणि जॅकला तर तुमचे दोन्ही व्हॉल्यूम थेट जोडलेले. जॅझ बासच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये पिकअपची तार पॉटच्या मधल्या पायाला येते आणि दोन्ही पॉटचे बाहेरचे पाय एकत्र होऊन जॅककडे जातात. एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप वाजत राहावा म्हणून ही रचना. परिणाम असा की जॅकवर आलेला डीसी दोन्ही पॉटना सारखाच भेटतो.

आता "पेडल बंद आहे" याबद्दल. बंद म्हणजे नेमकं काय, ते पेडलवर अवलंबून. ट्रू बायपास असेल तर बंद केल्यावर इनपुट सरळ आउटपुटला जोडला जातो, आतल्या सर्किटशी संबंध तुटतो. पण बरीच पेडलं बफर्ड बायपास असतात. त्यांच्यात दिवा विझला तरी तुमचा सिग्नल आतल्या बफरमधून जातच असतो, म्हणजे दारातला कपॅसिटर कायम वाटेत. ओळखायची सोपी खूण: पेडलचा अडॅप्टर काढा, बॅटरी असेल तर तीही काढा. आवाज पूर्ण बंद झाला तर बफर्ड, चालू राहिला तर ट्रू बायपास.

करायचं एवढंच. बास पेडलशिवाय थेट ॲम्पला लावा, नॉब फिरवा. मग पेडल मध्ये घाला, पुन्हा फिरवा. फरक पडला तर मल्टिमीटर काढा. डीसी व्होल्टवर ठेवा, पेडल चालू स्थितीत, त्याच्या इनपुटला फक्त केबल लावा, बास लावू नका, आणि केबलच्या मोकळ्या टोकावर प्लगचं टोक आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मोजा. आकडा शून्याच्या जवळपास हवा. दोनचार मिलिव्होल्टची काळजी करू नका. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर चोर सापडला.

बास का लावायची नाही, तर व्हॉल्यूम दहावर असताना डीसीच्या दृष्टीनं त्या केबलवर थेट पिकअपची गुंडाळी येते, सातआठ हजार ओहमची. ती बहुतेक सगळा डीसी जमिनीला पोचवते आणि मीटर तुम्हाला फसवा, छोटा आकडा दाखवतो.

डाखवाला:
प्रतिसाद आवडला. टोनची खूण माझ्या नजरेआड गेली होती. वाचनखूण साठवली.

नवा_भिडू:
धागा हायजॅक करत नाही, पण माझंही असंच काहीसं आहे. माझी बास ॲक्टिव्ह, नऊ व्होल्टची बॅटरी. व्हॉल्यूम, ब्लेंड (दोन पिकअपचं मिश्रण), बास, ट्रेबल असे चार नॉब आणि ॲक्टिव्ह/पॅसिव्हचं बटण. व्हॉल्यूम खरखरतो, ब्लेंड मध्यावर अडकल्यासारखा होतो. बॅटरी बदलली, फरक नाही. मीही पेडलच शोधू का?

ओहम_शांती:
नवा भिडू, तुमच्याकडे फुकटचं निदानयंत्र आहे, ते बटण. बास थेट ॲम्पला लावून पॅसिव्हवर टाका आणि व्हॉल्यूम फिरवा. पॅसिव्हमध्येही खरखर असेल तर पॉटच घाणेरडा किंवा झिजलेला. फक्त ॲक्टिव्हमध्ये असेल तर बासमधल्या प्रीॲम्पच्या (बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटच्या) कपॅसिटरकडे संशयानं बघा. मापायचं तसंच: बासला केबल लावा, दुसरं टोक मोकळं ठेवून त्यावर डीसी मोजा.

बॅटरी उतरली की आवाज दबतो, फाटतो, पण खरखर सहसा बॅटरीची नसते. आणि ब्लेंडला मध्यावर जी खटकन जागा लागते ती मुद्दाम दिलेली असते, दोन्ही पिकअप सारखे कधी आहेत ते बोटाला कळावं म्हणून. ती बिघाड नाही.

पॉट बदलायची वेळ आलीच तर आधी जुन्यावरचा आकडा वाचा. ॲक्टिव्ह पिकअप असलेल्या बासमध्ये २५ के चे पॉट असतात. पिकअप पॅसिव्ह आणि नंतर प्रीॲम्प अशी रचना असेल आणि व्हॉल्यूम प्रीॲम्पच्या आधी असेल तर २५० किंवा ५०० के सापडतील. सगळ्या बासना २५० के असतो या समजुतीनं पॉट आणलात तर २५ के च्या जागी तो बसेल, वाजेलही, पण फिरवताना सगळा बदल एका टोकाला गोळा होईल.

अनुमंद्रा:
आणि नवा भिडू, वाजवून झालं की केबल काढत जा. ॲक्टिव्ह बासमध्ये स्टीरिओ जॅक असतो. प्लग आत गेला की बॅटरीचं निगेटिव्ह अर्थला जोडलं जातं, तेच तिचं स्विच. प्लग तसाच ठेवला तर बॅटरी रात्रभर चालू.

चारतारी:
केलं. थेट ॲम्पला लावल्यावर गळ्याकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण साफ. काही म्हणजे काहीच नाही. ब्रिजकडचा सुरुवातीच्या भागात किंचित चुरचुरतो, बाकी साफ. पेडल मध्ये घातलं की दोन्ही पुन्हा बोलायला लागतात.

अडॅप्टर काढल्यावर आवाज पूर्ण बंद, म्हणजे बफर्ड. मीटरवर पेडलच्या इनपुटला पाऊण व्होल्टच्या आसपास येतंय. अडॅप्टर काढला की आकडा हळूहळू शून्यावर येतो.

म्हणजे पॉट उगाच बदलले गेले?

ओहम_शांती:
पाऊण व्होल्ट म्हणजे भरपूर. पिकअपमधून येणारा सिग्नल अनेकदा त्याहून लहान असतो.

पॉट उगाच बदलले असं लगेच म्हणू नका. बदलल्यावर खरखर कमी झाली असं तुम्हीच लिहिलंय. जुन्यांमध्ये झीज असणार, तिच्यावर डीसीचा मुलामा. दोन आजार एकावर एक असले की एक बरा केल्यावर माणूस औषधालाच नावं ठेवतो.

खर्जातला:
मानलं. बॅटरी नसलेल्या बासमध्ये पाऊण व्होल्ट. पण मग माझ्या स्प्रेचं काय म्हणता? माझ्याकडे तर पेडलच नाही.

डाखवाला:
तुमच्याकडे साधी घाण होती, ती हलली. रोग साधा होता हे तुमचं नशीब, स्प्रेची थोरवी नव्हे :)

चारतारी, पेडल उघडायची तयारी असेल तर इनपुट जॅकपासून तारेचा माग काढत जा. वाटेत एखादा लहान रोध लागेल, मग कपॅसिटर. त्यावरचा आकडा वाचा. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७. असा छोटा आकडा असेल तर त्याच किमतीचा फिल्म कपॅसिटर घाला. इलेक्ट्रोलिटिक असेल, म्हणजे एका पायाकडे उणे चिन्हाची पट्टी असलेला छोटा डबा, तर त्याची दिशा तपासा. जास्त व्होल्टेजची बाजू, म्हणजे ऑप-ॲम्पकडची, अधिक हवी. एक मायक्रोफॅरडपर्यंतचा असेल तर तिथेही फिल्म बसू शकतो, जागा मात्र पुरली पाहिजे. सोल्डरिंग जमत नसेल तर कोणाकडून करून घ्या, पण देताना "इनपुट कपॅसिटर लीक आहे, जॅकवर पाऊण व्होल्ट डीसी येतो" असं स्पष्ट सांगा. नुसतं "खरखर येते" म्हणालात तर परत पॉटच बदलून मिळतील.

नवा कपॅसिटर लावल्यावर पुन्हा तेच माप घ्या. आणि जुना काढून टाकलेला असताना, नवा लावायच्या आधीही एकदा मोजा. तेव्हाही जॅकवर व्होल्टेज दिसलं तर ते बोर्डावरच्या ओलाव्यातून किंवा सोल्डरच्या वेळच्या फ्लक्समधून झिरपतंय. मग कपॅसिटर निर्दोष. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं बोर्ड घासा.

आता उरलेली चुरचुर. ती फक्त एका पॉटच्या एका टप्प्यात, पेडलशिवायही, म्हणजे खरीखुरी पॉटची. नव्या पॉटमध्येही येते, विशेषतः पाठीवर सोल्डर करताना फार वेळ आयर्न टेकवला असेल तर. पॉटची पाठ म्हणजे जाड पत्रा, सगळी उष्णता पिऊन टाकते. बारीक आयर्न घेऊन मिनिटभर टेकवून ठेवला की आतलं ग्रीस पातळ होऊन पट्ट्यावर उतरतं. त्यापेक्षा जाड टोकाचा, ४० ते ६० वॉटचा आयर्न, पाठ आधी सँडपेपरनं खरवडलेली, आणि दोनतीन सेकंदांत डाख देऊन मोकळं.

यासाठी मात्र स्प्रे योग्य. कार्बनच्या पट्ट्यांना चालणारा, मागे पातळ वंगण ठेवणारा क्लीनर घ्या. डीऑक्झिटमध्ये डी५ हा ऑक्साइड काढणारा आणि एफ५ हा फेडर व पॉटसाठी वंगण देणारा, असे दोन वेगळे प्रकार आहेत. तुमच्या कामाला एफ५. पॉट जुना आणि काळवंडलेला असता तर आधी डी५, मग एफ५ म्हणालो असतो. इतर बनावटीचेही असतात, डब्यावर प्लॅस्टिकला निर्धोक असल्याचं लिहिलेलं बघा.

जॅझ बासची धातूची पट्टी स्क्रू काढले की उचलून येते, त्यामुळे तुम्हाला तारा सोडायला लागणार नाहीत. तार ताणू नका, पट्टी नुसती उलटी करून कापडावर ठेवा. पॉटच्या तीन पायांच्या मुळाशी फट दिसेल, नळी तिथे टेकवा आणि अगदी एक बारीक फुस्स. वरून, दांड्याच्या बाजूनं मारू नका, तिथलं घट्ट ग्रीस धुऊन जातं आणि नॉबचा तो छान जडपणा जातो. मग टोकापासून टोकापर्यंत वीसपंचवीस वेळा फिरवा आणि द्रव उडून जाईपर्यंत थांबा. बासच्या पॉलिशवर शिंतोडे उडू देऊ नका. नायट्रो लॅकर असेल तर विशेष जपा, काही द्रावणं त्यावर कायमचा डाग पाडतात.

जुनाट:
सुंदर चर्चा. माझा प्रश्न थोडा पुढचा. पेडल नाही, बास पॅसिव्ह, ॲम्प व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा). एका ॲम्पवर व्हॉल्यूम खरखरतो, दुसऱ्यावर साफ. डीसी ॲम्पमधूनही उलटा येऊ शकतो का?

ओहम_शांती:
येतो. पुष्कळ व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये इनपुट जॅक आणि पहिल्या व्हॉल्व्हचा ग्रिड (सिग्नल घेणारी जाळी) यांच्यामध्ये कपॅसिटर नसतोच, फक्त रोध असतो. व्हॉल्व्ह ठीक असेल तोवर ग्रिडमधून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. व्हॉल्व्ह बिघडला, आत गॅस धरला, की थोडा प्रवाह वाहतो आणि जॅकवर डीसी दिसतो. पहिल्या जागचा व्हॉल्व्ह त्याच नंबरच्या चांगल्या व्हॉल्व्हशी बदलून पाहा, ॲम्प बंद करून आणि थंड झाल्यावर. त्यापलीकडे आत हात घालू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि भिंतीतला प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. हे मी पेडल उघडा म्हणण्याइतक्या सहज कोणालाही म्हणणार नाही.

चारतारी:
पेडलचं काम झालं. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिकच होता, दिशा बरोबर होती, पण गळत होता. फिल्म बसवला. आता इनपुटवर दोन मिलिव्होल्ट. दोन्ही व्हॉल्यूम फिरवतोय आणि खरंच काही ऐकू येत नाही. ब्रिजकडचा स्प्रेनंतर साफ झाला.

एक शेवटचं. जुने पॉट परत मिळालेत. फेकून देऊ?

जुनाट:
फेकू नका!! पाठीवर कोरलेला आकडा आधी वाचा. १३७ नं सुरू होत असेल तर तो सीटीएस कंपनीचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. उदाहरणार्थ १३७७६३३ म्हणजे सीटीएस, १९७६, तेहतिसावा आठवडा. बास जुनी असेल तर पॉटवरच्या या तारखेवरून ती कधीच्या आधीची असू शकत नाही ते कळतं. विकायची वेळ आली तर मूळचे पॉट सोबत असणं चांगलं. माझ्याकडचे मी पाकिटात घालून, कुठल्या जागचा कुठला ते लिहून केसमध्ये ठेवलेत.

अवांतर: १९६० च्या पहिल्या जॅझ बासमध्ये व्हॉल्यूम आणि टोन एकाच दांड्यावर एकावर एक होते. ती साफ करायला बसलं की माणूस तीन नॉबवाल्यांचा हेवा करतो.

चारतारी:
आकडा आहे, पण १३७ नाही. बास काही जुनी नाही, नंतरची नक्कल आहे. तरी ठेवतो.

डाखवाला:
ठेवाच, आणि हाताशी असतील तर एकदा मोजूनही पाहा. पॉट आता सर्किटमधून सुटलेला आहे, म्हणजे माप खरं मिळेल. सर्किटमध्ये असताना पिकअपचा रोध समांतर येतो आणि आकडे भलतेच दिसतात. बाहेरच्या दोन पायांमध्ये २५० के च्या आसपास यायला हवं, वीस टक्के इकडेतिकडे चालतं. मग मधला पाय आणि एक बाहेरचा पाय धरून नॉब सावकाश फिरवा. यासाठी डिजिटलपेक्षा काट्याचा जुना मीटर बरा. झिजलेल्या जागी काटा थरथरतो किंवा झटकन पडतो. डिजिटल मीटर तोवर आकडाच ठरवत बसलेला असतो.

नॉब बरोबर मध्यावर ठेवून मधल्या पायापासून दोन्हीकडे मोजलंत तर टेपरही, म्हणजे फिरवताना रोध कसा बदलतो तेही, कळेल. दोन्हीकडे निम्मं निम्मं आलं तर लिनियर. एकीकडे दहा-पंधरा टक्के आणि दुसरीकडे बाकीचं आलं तर ऑडिओ टेपर. नव्यांचंही बघायला हरकत नाही. व्हॉल्यूम तीनचारपर्यंत नेताच बराचसा आवाज येऊन पुढे विशेष वाढत नसेल, तर जुन्या ऑडिओच्या जागी लिनियर बसवलेत.

चारतारी:
हो, तसंच होतंय! तीनपर्यंत सगळा आवाज आलेला असतो. मला वाटलं नवे आहेत म्हणून.

डाखवाला:
मग लिनियरच असणार. काहींना तेच आवडतं, त्यामुळे सवय झाली असेल तर राहू द्या. बदलायचे असतील तर दांडा आणि भोक मोजून मगच पॉट घ्या. मोठ्या इंची पॉटच्या मानेला ३/८ इंचाचं, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, मेट्रिकवाल्यांना त्याहून लहान. नॉब स्क्रूनं आवळायचा असेल तर गुळगुळीत भरीव दांडा हवा, आणि त्यातही ६ आणि ६.३५ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत. ६ च्या नॉबमध्ये ६.३५ चा दांडा जात नाही, आणि हातोडीनं ठोकून घालू नका, वायपर आत वाकतो.